औषधाआधी शी बघा: मांजरांच्या पोटातल्या जंतांचं काय करायचं

माझी सगळी नोकरी चिपळुणात पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. माणसांची रक्तं, लघव्या, शौचाचे नमुने. निवृत्त होऊन गावच्या घरी राहायला आले, पडवीत मांजरं वाढली, आणि वाडीत बातमी पसरली की काकींना शीमधलं कळतं. तेव्हापासून मुलं काडेपेटीत काहीबाही घेऊन दारात उभी राहतात, "काकी, हे माऊच्या शेपटीखालून निघालं." मुंबईची भाचरं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, तेही नेमके जेवायच्या वेळेला. मला किळस वाटत नाही, पण तेच तेच सांगून कंटाळा येतो. म्हणून हे एकदा लिहून टाकते. मी डॉक्टर नाही. औषधाचं प्रमाण पशुवैद्यांनीच ठरवायचं. त्यांच्याकडे जाण्याआधी आणि तिथून आल्यावर घरी काय करायचं, तेवढं माझ्याकडून घ्या.

पहिली गोष्ट, दुकानात जाऊन "मांजराचं जंताचं औषध द्या" म्हणणं बंद करा. गोल जंतांवर चालणारं पायरँटेल चपट्या जंतांना काही करत नाही. चपट्यांवरचं प्राझिक्वांटेल गोल जंतांना काही करत नाही. आणि जिआर्डिया, कॉक्सिडिया हे जे डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यांच्यावर ही दोन्ही औषधं फुकट. बाटलीवरचं कंपनीचं नाव आणि मांजराचं चित्र सोडा, घटक वाचा. घटक वाचून उपयोग कधी, तर पोटात काय आहे ते माहीत असेल तेव्हा. म्हणून सुरुवात शीपासून.

काय दिसतंय?

गोल जंत ओळखायला सोपे. पांढरट, शेवईसारखे, तीनपासून दहा सेंटिमीटरपर्यंत लांब, दोन्ही टोकांना निमुळते, बाहेर पडल्यावर वेटोळं करून पडतात. पिल्लाच्या उलटीतही येतात. अशा पिल्लाचं पोट टम्म आणि बरगड्या मात्र हाताला लागणाऱ्या. लोक म्हणतात, "छान गुबगुबीत आहे हो." पाठीवरून हात फिरवून बघा. मणके बोचत असतील तर ते बाळसं नव्हे.

चपटे जंत, म्हणजे टेपवर्म, अख्खे क्वचितच दिसतात. त्यांचे तुकडे सुटून बाहेर येतात. ताजा तुकडा काकडीच्या बीएवढा, पांढरा, आणि आकुंचन-प्रसरण पावत चक्क चालतो. वाळला की तांदळाच्या कणीएवढा होतो आणि शेपटीखालच्या केसांना किंवा मांजर झोपतं त्या गोधडीला चिकटलेला सापडतो. काडेपेटीतून माझ्याकडे जे येतं ते बहुतेक वेळा हेच. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटं थांबा, वाळलेला तुकडा फुगून पुन्हा आपल्या आकाराला येतो. खरोखरचा तांदूळ इतक्या वेळात असा बदलत नाही.

अंकुशकृमी, म्हणजे हूकवर्म, जेमतेम सेंटिमीटरभर, दोऱ्याएवढा बारीक. तो आतड्याला तोंडानं धरून रक्त पितो, त्यामुळे शीत सहसा दिसतच नाही. दिसतात ते त्याचे परिणाम. शी काळीकुट्ट आणि चिकट होते, पिल्लू सुस्तावतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. हिरडी बघायची सवय लावून घ्या. वरचा ओठ अंगठ्यानं हलकेच वर करायचा. गुलाबी असेल तर ठीक. कागदासारखी पांढरी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. ज्या मांजराच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

जिआर्डिया आणि कॉक्सिडिया एकपेशीय. त्यांच्यामुळे शी पातळ, शेंबडासारखा चिकट पदार्थ मिसळलेली, आणि जिआर्डियात वास असा की आपण खोलीबाहेर जावं. कधीकधी रक्ताचा धागा. एका ठिकाणी खूप पिल्लं असली की हे हमखास पसरतं. इथे जंताची गोळी कितीही वेळा दिली तरी शी पातळच राहते आणि लोक म्हणतात औषध नकली होतं.

दोन गैरसमज इथेच काढून टाकते. मुलांच्या गुदद्वाराशी रात्री खाज येते, बारीक पांढरे सुतासारखे जंत दिसतात, आणि आजी म्हणते, मांजर काढा घरातून. ते सुतकृमी फक्त माणसाचे. माणसाकडून माणसाला होतात, नखांतून, अंथरुणातून. मांजराच्या पोटात ते राहतच नाहीत. मांजराला दोष देण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्या आणि मुलांची नखं कापा.

दुसरं म्हणजे दूध. मोठ्या मांजराला वाटीभर गाईचं दूध दिलं आणि त्याला हगवण लागली, तर ते जंतच असतील असं नाही. दूध सुटल्यावर बऱ्याच मांजरांना त्यातली साखर पचत नाही. आठवडाभर दूध बंद करून बघा. निम्मे "जंत" तिथेच बरे होतात, असं माझं मत आहे.

नमुना कसा न्यायचा

यात माझा जन्म गेलाय, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

ताजी शी हवी. बोराएवढी पुरे. स्वच्छ, कोरडी, झाकणाची डबी घ्या, औषधाच्या दुकानात मिळते ती. आईस्क्रीमच्या काडीनं उचला, आणि उचलताना मातीला टेकलेला भाग सोडून वरचा घ्या. अंगणातल्या मातीत स्वतंत्रपणे जगणारे सूक्ष्म कृमी असतातच, ते नमुन्यात शिरले की तपासणाऱ्याचा गोंधळ होतो. डबीवर मांजराचं नाव, वय, वेळ. दोन-तीन तासांत पोचत नसेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तर मुळीच नको. उन्हात अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या होतात आणि नाजूक परजीवी मरून जातात, मग काचेखाली काय शोधायचं?

लॅबमध्ये करतात ते साधं आहे. पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं, लिटरला साधारण 360 ग्रॅमच्या आसपास. त्यात चिमूटभर शी कालवून गाळायची, नळी अगदी काठोकाठ भरायची, वर काचेची पातळ चकती ठेवायची आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. जंतांची अंडी या खारट पाण्यापेक्षा हलकी, ती वर तरंगत येऊन चकतीला चिकटतात. चकती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की गोल जंताचं अंडं लगेच नजरेत भरतं. गोल, जाड सालीचं, सालीवर बारीक खळगे, आत गडद गोळा. अंकुशकृमीचं लंबगोल, साल इतकी पातळ की जणू नाहीच, आत चार-आठ पेशी स्वच्छ मोजता येतात. निवृत्तीनंतरही हे बघायला मला आवडतं, कोणाला विचित्र वाटलं तर वाटो.

जिआर्डियाच्या बाबतीत ही युक्ती फसते. मिठाच्या तीव्र पाण्यात त्याच्या पुटी, म्हणजे शीतून बाहेर पडणारी त्याची कवचातली रूपं, आकसून ओळखू येईनाशा होतात. त्यासाठी झिंक सल्फेटचं पाणी वापरतात किंवा सलाइनच्या थेंबात ताजी शी थेट बघतात. शिवाय जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही. म्हणून शी सतत पातळ असेल तर एक दिवसाआड असे तीन नमुने द्या आणि "जिआर्डियासाठी बघा" असं तोंडानं सांगा. सांगितलं नाही तर बघतीलच असं नाही.

रिपोर्टमध्ये "काही आढळलं नाही" असं आलं तर? त्याचा अर्थ अंडी आढळली नाहीत, एवढाच. आतड्यातले जंत अजून अंडी घालण्याच्या वयाचे झालेले नसले तर पोट भरलेलं असूनही रिपोर्ट कोरा येतो. गोल जंताला पोटात गेल्यापासून अंडी घालायला जवळजवळ दोन महिने लागतात. टेपवर्मची अंडी तर तुकड्यातच बंद असतात, तरंगत्या नमुन्यात ती चुकूनच सापडतात. तिथे रिपोर्टपेक्षा शेपटीखालचा तांदूळ खरा.

गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेलच असं नाही, आधी फोन करून विचारा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. जवळ असाल तर तिथे चौकशी करा.

पिल्लांचं वेळापत्रक

पिल्लांच्या बाबतीत मात्र मी माझाच नियम मोडते. तिथे रिपोर्टची वाट बघायची नाही, सरसकट औषध द्यायचं. कारण दूध. आमची भुरी गाभण असताना उंदीर, चिचुंद्र्या, झुरळं सगळं गट्टम करते. त्या शिकारीच्या अंगात गोल जंताच्या अळ्या दडलेल्या असतात. त्या भुरीच्या शरीरात शिरतात आणि व्यायल्यावर दुधातून पिल्लांच्या पोटात उतरतात. आईची शी तपासली तर स्वच्छ, आणि पिल्लं जंतांनी भरलेली, असं सर्रास होतं. मांजरीत हे जंत गर्भात जात नाहीत, कुत्रीत जातात. म्हणून कुत्र्याच्या पिल्लांचं औषध दोन आठवड्यांनी सुरू होतं आणि मांजराच्या पिल्लांचं साधारण तिसऱ्या आठवड्यात.

तिसऱ्या आठवड्यात पहिला डोस, मग दर दोन आठवड्यांनी, पिल्लं आईचं दूध पूर्ण सोडून दोन आठवडे होईपर्यंत. पुढे सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याला एक. आणि पिल्लांना द्याल त्याच दिवशी आईलाही. ती पिल्लांचं ढुंगण चाटून साफ करते, तिला वगळलं तर सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या लहानपणी सहसा पायरँटेलचं पातळ औषध देतात. गोळ्यांच्या पाकिटावर किती आठवडे आणि किती वजन याच्या पुढे, ते छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय गोळी फोडायची नाही.

वजन अंदाजानं धरू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर वाडगा ठेवून शून्य करा, पिल्लू वाडग्यात. जन्मताना साधारण शंभर ग्रॅम, आणि पुढे आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढलं की समजायचं बरं चाललंय. हिशेब असा. समजा डॉक्टरांनी किलोला 10 मिलीग्रॅम सांगितलं आणि पिल्लू 400 ग्रॅमचं आहे. म्हणजे त्याला 4 मिलीग्रॅम लागेल. बाटलीवर दर मिलिलिटरला 10 मिलीग्रॅम लिहिलं असेल तर 0.4 मिलि. दुसऱ्या कंपनीच्या बाटलीत हेच औषध पाचपट तीव्र असू शकतं, म्हणून "शेजारणीनं अर्धा मिलि दिलं होतं" हा हिशेब नव्हे. मोजायला सुई काढलेली एक मिलिची सिरिंज घ्या. इन्सुलिनची नको. तिच्यावर युनिटं छापलेली असतात आणि तिथे माणसं हमखास घोटाळा करतात.

गार पडलेल्या, दूध न ओढणाऱ्या, मलूल पिल्लाला घरी जंताचं औषध देऊ नका. आधी ऊब, मग पाणी-दूध, मग डॉक्टर. पोट जंतांनी गच्च असलं तर एकदम सुटलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो. तिथे अनुभवी हातच हवा.

आणखी एक, आणि हे ठळक लक्षात ठेवा. पिल्लू सारखं उलटी करतंय, खाणंपिणं बंद, रक्ताची हगवण, अंगात ताप, तर "जंत असतील, उद्या बघू" म्हणायचं नाही. तो मांजरांचा पॅनल्युकोपेनिया असू शकतो. विषाणू आहे, लसीनं टळतो, आणि लस नसलेली पिल्लं त्यात एकदोन दिवसांतही जातात. त्या दिवशी जंताचं औषध पाजत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

औषध पोटात जायचं कसं

पातळ औषध गालाच्या कोपऱ्यातून, थोडं थोडं, पिल्लू चार पायांवर असताना. उताणं धरून घशात पिचकारी मारली तर ते फुप्फुसात जातं.

मोठ्या मांजराला गोळी द्यायची तर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मानेपर्यंत गुंडाळा, पुढचे पंजे आत. तुमच्या मांडीत, त्याची पाठ तुमच्या पोटाशी. डाव्या हातानं वरून डोकं धरून नाक छताकडे करा, की खालचा जबडा आपोआप सैल होतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटानं तो खाली, आणि गोळी जिभेच्या अगदी मागे. तोंड मिटा, गळ्यावरून बोट फिरवा, त्यानं नाक चाटलं की गोळी गेली. लगेच सिरिंजनं दोन-तीन मिलि पाणी गालातून द्या, कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून बसते. प्राझिक्वांटेल कडू जहर. गोळी जिभेवर विरघळली तर मांजर तोंडाला फेस आणतं, पळतं, कोपऱ्यात जाऊन बसतं. विषबाधा झाली म्हणून लोक रडत फोन करतात. ती नुसती चव असते, थोड्या वेळात थांबते. म्हणूनच गोळी कुटून दुधात घालायची नाही. ते दूध ते पिणार नाही आणि पुढे तुमच्या हातचं दूधही संशयानं बघेल. उकडलेल्या बांगड्याच्या तुकड्यात दडवून बघा, काळू बोका तसा घेतो. भुरी मासा खाते आणि गोळी बाजूला काढून ठेवते.

टेपवर्म म्हणजे पिसवा किंवा उंदीर

मांजराला टेपवर्म दुसऱ्या मांजराच्या शीतून थेट होत नाही. मध्ये कोणीतरी लागतं. काकडीच्या बीसारखे तुकडे असणारा टेपवर्म पिसवांमधून येतो. पिसूची अळी त्याची अंडी खाते, अळीची पिसू होते, मांजर अंग चाटताना पिसू गिळतं. दुसरा येतो उंदरातून. म्हणजे गोळीनं आतले मेले तरी अंगावर पिसू असेल तर दोन-तीन आठवड्यांत तांदूळ पुन्हा हजर. त्यात गोळीचा दोष नाही. कुठलंही जंताचं औषध लसीसारखं पुढचं संरक्षण देत नाही, त्या दिवशी पोटात जे आहे तेवढ्यावरच त्याचा अंमल.

पिसू दिसत नसेल तर बारीक दातांच्या फणीनं कंबरेजवळचे केस विंचरा, निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. घरात पिसू आहेच.

पिसवांचा मोठा हिस्सा मांजराच्या अंगावर नसतोच. अंडी गळून गोधडीत, फळ्यांच्या फटीत, सारवलेल्या जमिनीच्या भेगांत जातात. कोशात असलेली पिसू महिनोन्‌महिने दम धरून बसते आणि पावलांची थरथर जाणवली की बाहेर पडते. गणपतीला चाकरमानी येऊन बंद घर उघडतात आणि पहिल्याच रात्री पाय खाजवत बसतात, ते यामुळे. तेव्हा गोधड्या कढत पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, कानाकोपरे रोज झाडून कचरा घराबाहेर. पावसात ऊन नसतं तेव्हा मांजराचं अंथरूण म्हणून जुनी पोती, वर्तमानपत्रं वापरा आणि जाळून टाका.

मांजराच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध मांजराचंच हवं, वजनानुसार. कुत्र्याच्या औषधातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं आणि जीव घेतं. "थोडंसंच टाकलं होतं" एवढंही पुरतं.

घरगुती आणि उसनी औषधं

10 फेब्रुवारीला शाळांमधून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतात. चांगली योजना आहे, मुलांना जरूर द्या. पण ती 400 मिलीग्रॅमची गोळी माणसासाठी. मांजरात अल्बेंडाझोलनं हाडांतल्या मगजाचं रक्त बनवण्याचं काम बिघडू शकतं. उरलेली गोळी चुरून माऊला, हा उद्योग करू नका. गोठ्यातलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही तसंच. म्हशीच्या वजनाला बनवलेल्या बाटलीतला एक थेंबदेखील पिल्लाला जास्त होतो.

लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. आधीच अंकुशकृमीनं रक्त प्यायलेल्या पिल्लाला लसणीचा रस म्हणजे दुहेरी मार. कडुनिंबाचं तेल अंगाला चोळलं तरी मांजर ते चाटणारच, आणि ते पोटात जाणं बरं नव्हे. वावडिंग आपल्या बाळांना घुटीत देत आलो, पण मांजराला किती द्यायचं हे कोणालाच सांगता येत नाही, मग कशाला?

माती, वाळू आणि घरातली माणसं

गोल जंताचं अंडं शीतून पडतं तेव्हा लगेच कोणाला बाधत नाही. आत अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ही सवलत आपण वापरायची. रोजची शी रोज उचलली तर पुढची साखळीच तुटते. नाही उचलली तर अंडी मातीत वर्ष वर्ष टिकतात. फिनाइल ओतून उपयोग नाही, साल फार चिवट. उकळतं पाणी चालतं. ट्रे घासून त्यात उकळतं पाणी ओता आणि उन्हात पालथा घाला.

आमच्याकडे घरं बांधायची वाळू महिनोन्‌महिने रस्त्याकडेला पडलेली असते. दिवसा त्यात मुलं किल्ले करतात, रात्री मांजरं शी पुरतात. त्यावर ताडपत्री टाका आणि कडांना चिरे ठेवा. ओल्या वाळूत अंकुशकृमीच्या अळ्या राहतात, अनवाणी पावलाच्या कातडीतून शिरतात आणि कातडीखाली वाट चुकून भटकतात. लाल, उंचावलेली, वळणावळणाची रेघ दिसते, रोज थोडी पुढे सरकते आणि भयंकर खाजते. गजकर्णाचं मलम लावून ती थांबत नाही, माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. गोल जंताची तयार अंडी लहान मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, कधी डोळ्यातही जातात. घाबरवायचं म्हणून सांगत नाही. मातीत खेळून आल्यावर हात साबणानं धुवायचे, एवढंच करायचंय.

सुनेला दिवस गेले की पहिली गदा मांजरावर. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या शीतून पडतो हे खरं. पण मांजर बहुधा आयुष्यात पहिल्यांदा संसर्ग होतो तेव्हाच, एखाद-दोन आठवडे तो बाहेर टाकतं, आणि पडल्यावर तो बाधण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तो गरोदर बाईनं नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी. मुलगे, नवरे, सासरे सगळ्यांना दोन हात असतात. तिनं बागेत मातीत हात घालायचा तर हातमोजे घालून. मटण नीट शिजलेलं, कच्च्या भाज्या नीट धुतलेल्या, कारण माणसाला हा संसर्ग तिथूनही होतो. मांजर पोत्यात घालून लांब सोडून यायची काही गरज नाही.

मोठ्या मांजराला किती वेळा, आणि नंतर काय बघायचं

उंदीर मारणारं, गावभर हिंडणारं मांजर असेल तर तीन महिन्यांतून एकदा, गोल आणि चपट्या दोन्हींवर चालणारं औषध. फ्लॅटमध्येच राहणारं, पिसू नसलेलं असेल तर वर्षातून एकदोनदा शी तपासून गरजेनुसार. बंद फ्लॅटमध्येही झुरळं असतात आणि मांजर ती खातं, त्यामुळे अगदीच सोडून देऊ नका.

पायरँटेल दिल्यावर दोन दिवसांत शीत जंत दिसतील, कधी वळवळणारेही. औषध त्यांना लुळं करतं, मग ते आतड्याला धरून राहू शकत नाहीत. प्राझिक्वांटेलनंतर मात्र बहुधा काहीच दिसत नाही. मेलेला टेपवर्म आतड्यातच पचून जातो. काही निघालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी देऊ नका.

जिआर्डिया निघाला तर डॉक्टर फेनबेंडाझोल सलग काही दिवस देतात. मध्येच शी घट्ट झाली म्हणून थांबायचं नाही. त्या दिवसांत ट्रे आणि मांजराचं मागचं अंग धुऊन पूर्ण कोरडं ठेवायचं, कोरडेपणात त्याच्या पुटी टिकत नाहीत.

औषधानंतर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बोराएवढा नमुना तपासायला द्या. तोपर्यंत मांजराचं वजन आठवड्याला एकदा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डबीबरोबर ते आकडेही डॉक्टरांना दाखवा. अंडी तेवढीच सापडली तर त्याच औषधाचा डोस आपल्या मनानं वाढवू नका. वजन चुकलं होतं का, गोळी खरंच गिळली होती का, घरातली बाकीची मांजरं राहून गेली का, हे आधी तपासा, आणि तिन्हींचं उत्तर ठीक असेल तर औषध बदलायचं का ते डॉक्टरांना विचारा.